फक्त वाचता येणाऱ्यांसाठी

गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, भल्या सकाळी मूलूद शिपायानं वाचनालयाच्या दाराला पाटी ठोकली. वाचनालय सांभाळणारी तूदा आत लोखंडी चुलीत लाकडं सारत होती. ठोकाठोक ऐकून ती बाहेर आली आणि तिनं पाटी वाचली. 'वाचनालय फक्त वाचता येणाऱ्यांसाठी आहे. इतरांनी आत बसू नये.' खाली पालिकेचा शिक्का.

"आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ही पाटी कोण वाचून दाखवणार?" तिनं विचारलं. "मी?"

"मला काय विचारता, लल्ला तूदा? मला खिळे दिले, मी ठोकले." मूलूदनं हातोडी अंगातल्या पायघोळ जल्लाब्याच्या खिशात कोंबली. "साहेब म्हणाले, जिन्याशी उभा राहा. बायका आल्या की खालच्या खाली परत पाठव."

"तुझी आई येते दर गुरुवारी. तिलाही पाठवशील?"

"तिचीच तर भीती आहे," मूलूद म्हणाला. "तिनं मला इथं उभं बघितलं तर माझी धडगत नाही."

एरवी तूदा हसली असती. आज तिच्या कानशिलांत संतापाचा ठणका भरला होता. आठवडाभर तो उतरलाच नव्हता.

मोरोक्कोत, अॅटलसच्या डोंगरातलं तिझी-वाडू हे बाजाराचं गाव. तिथलं वाचनालय पालिकेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. वाचणारे म्हणाल तर दोन पेन्शनर, जे एकच वर्तमानपत्र मधोमध फाडून घेऊन वाचत, आणि शाळेतली पोरं, जी मोबाइल चार्ज करायला येत. गुरुवारची गोष्ट मात्र वेगळी. वरच्या पाड्यांवरून अंडी, लोकर, लोणी घेऊन आलेल्या बायका बाजार उरकला की परतीचा ट्रक निघेपर्यंत जिना चढून येत. त्यांना ओढ पुस्तकांची नव्हती, चुलीची होती. ओले बूट काढून त्या चुलीभोवती गोल बसत, आणि खोलीभर भिजल्या मेंढीचा वास सुटे. तूदा पुदिन्याचा चहा करी आणि आरोग्य खात्याकडून आलेली पत्रकं काढी. ती सगळी पुस्तकी अरबीत, नाहीतर फ्रेंचमध्ये. तूदा ती त्यांच्या डोंगरी बोलीत सांगे. तापात पोराला घोंगड्यात का गुंडाळायचं नाही. बाळंतपणात अंगावरून जास्त जायला लागलं तर सासूच्या होकाराची वाट का बघायची नाही. बायका वाद घालत, हसत, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत. आणि पुढच्या गुरुवारी येऊन सांगत, "तू म्हणालीस तसं केलं. उतरला ताप."

हे सुरू झालं गेल्या हिवाळ्यात, झहरा गेल्यावर. झहरा वरच्या पाड्यातली पहिलटकरीण. बंद खोलीत शेगडीशेजारी निजली ती उठलीच नाही, आणि कुशीतलं पोरही नाही. मेलेली असून तिचे गाल लाल होते. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली ती या रूपालाच.

त्या दिवशी वाचनालयाच्या भिंतीवर पोस्टर होतं. बंद खोलीत जळणाऱ्या गॅसपासून आणि कोळशांपासून निघणाऱ्या विषारी वायूचं. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. चित्रात एक गोरा माणूस सोफ्यावर झोपलेला, आणि त्याच्या डोक्यावर भिंतीला गॅसचा हीटर. झहराच्या घरात सोफा नव्हता आणि हीटरही नव्हता. मातीची शेगडी होती. ती चित्रात कुणी काढलीच नव्हती.

म्हणून गेल्या गुरुवारी, पहिलं बर्फ पडल्यावर, तूदा नेमकं शेगडीचंच सांगायला बसली होती. तेवढ्यात प्रांताहून आलेले कुणी मोठे अधिकारी पालिकेच्या अध्यक्षांबरोबर वर आले. त्यांनी ओल्या बुटांची रांग बघितली, किटली बघितली, आणि रुमाल नाकाला लावून अध्यक्षांना म्हणाले, "हे वाचनालय आहे की ट्रकथांबा?" अध्यक्ष सी बूअझ्झा एवढे ओशाळले की त्यांनी उभ्या उभ्या खोली रिकामी केली. कुणी अर्धा पेला चहा तसाच हातात घेऊन जिना उतरली. तूदाचं वाक्य तोंडातच राहिलं.

आणि आज ही पाटी.

दुपार होता होता खालून भांडणाचा आवाज आला.

"मला बसायचंच नाही रे बाबा! मला एक विचारायचंय. विचारायलासुद्धा वाचता यावं लागतं का?"

तूदानं जिन्यावरून वाकून पाहिलं. आयत-मूली पाड्यावरची रक्किया. अंड्यांची टोपली भरलेलीच होती, म्हणजे बाजारात बसलीच नव्हती. डोळे सुजलेले. तूदा तशीच खाली उतरली.

"काय झालं?"

"लल्ला तूदा, तुझ्या पुस्तकांत दृष्टीवर काही आहे का गं?" रक्कियानं तिचा हात धरला. "आमच्या इझ्झाला लागलीय. मुलगी झाली शनिवारी. पहिल्यांदा छान होती, दोन वाट्या रवा खाल्ला. मग थंडी वाढली आणि तिनं डोकंच धरलं. उलट्या. उठवून बसवावं तर घेरी. सकाळी मला म्हणते, आई, तू दोन-दोन दिसतेस. आणि पोर दूध ओढत नाही. नुसती झोपून असते, शहाण्यासारखी."

"मग काय केलंत?"

"विहीणबाईंनी शेगडीत दृष्टीवरची हरमलची बी टाकली, धुरी दिली. उतरली नाही म्हणून परत टाकली. आता दिवसभर निखारा विझू देत नाही. पण भलती कडक दृष्ट आहे बाई. जेवढी धुरी द्यावी तेवढी वाढतेय."

"खिडकी?"

"बाळंतिणीच्या खोलीची खिडकी कुणी उघडी ठेवतं का? चिरगुटं कोंबलीत फटींत. दारावर घोंगडं लावलंय." रक्किया थांबली. "त्या दिवशी तू शेगडीचंच काहीतरी सांगत होतीस ना? मग साहेब आले. पुढं काय होतं ते विचारायचंच राहिलं."

तूदाला पत्रकातल्या ओळी आठवल्या. पुढं काय होतं! पुढं हेच होतं. डोकं, उलट्या, घेरी, आणि मग झोप.

"रक्किया, तुझ्या लेकीला दृष्ट नाही लागली. शेगडी मारतेय तिला. घरी फोन लाव, म्हणावं आत्ताच्या आत्ता दोघींना बाहेर काढा."

"कुणाला लावू? विहीणबाईंचा फोन हा काय," रक्कियानं टोपलीतून तो काढला. "चार्ज करायला आणला होता तुझ्याकडं. हा म्हणाला, वाचता येत असेल तरच."

मूलूद जिन्यातून बाजूला झाला.

तूदा धावत वर गेली, भिंतीवरचं पोस्टर टराटरा ओढून काढलं आणि थेट अध्यक्षांच्या खोलीत शिरली. पालिकेची रुग्णवाहिका त्यांच्या हुकमाशिवाय हलत नसे.

सी बूअझ्झा विजेच्या शेगडीपुढं पाय पसरून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, आणि तूदाला त्याचाच जास्त संताप येई. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

"लल्ला तूदा, बसा. चहा घ्या. हे बघा, रुग्णवाहिका डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. बाळंतिणीचं डोकं दुखतं म्हणून गाडी सोडायला लागलो तर डिझेल पुरेल का? तुम्ही काही डॉक्टर नाही."

"नाही. पण तुमच्या भिंतीवर लिहिलंय." तिनं पोस्टर टेबलावर पसरलं. "वाचा."

त्यांनी वरवर नजर फिरवली. "हे तर गॅसच्या हीटरचं आहे. चित्र बघा ना. आयत-मूलीत कुणाकडं हीटर आहे?"

"कोळशाचंही आहे. चित्राच्या खाली."

"अक्षर बारीक आहे हो. चष्मा घरी राहिला."

"म्हणजे तुम्हीही वाचता न येणाऱ्यांतलेच," तूदा म्हणाली. "मग तुम्ही कसे काय बसलात आत?"

सी बूअझ्झांचा चेहरा उतरला आणि मग चढला. "तोंड सांभाळ, तूदा. चिठ्ठी आण, गाडी ने."

"झहराच्या वेळी मिळाली होती की चिठ्ठी. एक सोडून दोन. एक आईच्या मरणाची, एक पोराच्या."

"जागा सोडून गेलीस तर गैरहजेरी लागेल!"

"लावा," ती दारातून म्हणाली. "लावायला वाचता येत नसेल तर मला बोलवा."

खाली मूलूदची आई येऊन ठेपली होती. कमरेवर हात ठेवून ती लेकाकडं बघत होती, आणि मूलूद भिंतीत शिरायला जागा शोधत होता.

"दवाखान्यात पळ," तूदानं त्याला सांगितलं. "डॉक्टरांना सांग, आयत-मूलीत बाळंतीण आणि पोर, कोळशाचा वायू. चिठ्ठी घे, गाडी घे, वर ये."

"पण साहेब म्हणाले, जिन्याशी..."

"जिन्याशी मी उभी राहते," आई म्हणाली. "बघते कोण येतं ते. पळ!"

मूलूद पळाला.

वरच्या पाड्यांवर परतणारा हम्मूचा ट्रक मेंढ्यांनी भरलेला होता. त्यानं केबिनमधल्या दोन मेंढ्या उतरवून दोघींना तिथं बसवलं आणि बाकी कुणाची वाट न बघता ट्रक सोडला. झहरा त्याची चुलतबहीण होती. बर्फात चाकं घसरत होती, रक्किया टोपली छातीशी धरून काहीतरी पुटपुटत होती, आणि तूदा मनातल्या मनात भांडत होती. रुमालवाल्याशी, बारीक अक्षर छापणाऱ्याशी, सोफ्यावरच्या त्या झोपलेल्या माणसाशी.

आयत-मूलीतली बाकीची घरं माती-लाकडाची. रक्कियाच्या विहीणबाईंचं, यामनाचं, मात्र निम्मं घर नवं कोरं होतं. मुलगा खाली दक्षिणेत, प्लास्टिकच्या छपरांखालच्या शेतांत टोमॅटो खुडायला जाई, त्या कमाईतून त्यानं बायकोसाठी सिमेंटची खोली बांधली होती. लोखंडी दार, काचेची खिडकी. दारात यामना उभी होती, हातात हरमलची वाटी.

"उद्या नाव ठेवायचंय. त्याआधी बाहेरचं माणूस ही पायरी चढणार नाही."

"विहीणबाई, ही वाचनालयातली लल्ला तूदा."

"पुस्तकवाली होय? मग तर नकोच. माझी सगळी पोरं शेगडीशेजारी झाली. एकाला शिंक नाही आली. मला पुस्तक शिकवतंय!"

तिला ढकलून आत जायला तूदाचे हात शिवशिवत होते. पण म्हातारी दारात खुंटासारखी रोवलेली होती, आणि झटापटीत जाणारा वेळ आतल्या दोघींचा होता.

"तुमची पोरं या खोलीत झाली?"

"ही कुठं होती तेव्हा! त्या जुन्या खोलीत. वारा शिट्ट्या घालायचा नुसता. मढ्यासारखं गारठायचं."

"आणि ही?"

"हिच्यात मुंगी शिरायची नाही," यामना अभिमानानं म्हणाली.

"तुमचं डोकं दुखतं का हो?"

"म्हातारीचं दुखायचंच."

"कधी दुखतं? गाय दोहताना?"

यामना थांबली. "...नाही. गोठ्यात उतरतं. इथं बसलं की धरतं."

"म्हणजे ही दृष्ट खोलीत बसून तुमची वाट बघते, आणि गोठ्यात यायला घाबरते?" तूदाचा आवाज चढत गेला. "ती मांजर बघा. एवढ्या थंडीत शेगडी सोडून भिंतीवर बर्फात बसलीय. तिलाही कुणी दृष्ट लावली? यामना, जुन्या खोलीतला वारा तुमच्या पोरांचा राखणदार होता. या खोलीत तुम्ही त्याला चिरगुटं कोंबून बाहेर ठेवलंत. झहरा अशीच गेली. झहराचे गाल आठवतात?"

यामनानं आत वळून पाहिलं. गादीवर इझ्झा तोंड उघडं टाकून पडली होती. गाल गुलाबी, तुकतुकीत. किती सुंदर दिसत होती! तूदाला त्या सुंदरपणाची भयंकर चीड आली.

म्हातारीच्या हातातली वाटी पडली. ती आत धावली, तिनं नुसत्या हातांनी शेगडी उचलली आणि दारातून बर्फात भिरकावली. निखारे चरचरत विझले. मग तिनं खिडकीतली चिरगुटं ओरबाडायला सुरुवात केली, आणि तोंडानं शिव्या, मुलाला, सिमेंटला, स्वतःला. रक्किया आणि तूदानं घोंगड्यासकट इझ्झाला ओढत बाहेर आणलं. घोंगड्यातलं पोर तूदानं हातात घेतलं, कणकेच्या गोळ्यासारखं मऊ आणि गप्प. तिनं त्याच्या तोंडावरचं फडकं काढलं. गार वारा लागला. काहीच झालं नाही. तिनं तळपाय चोळले. काहीच झालं नाही. मग त्या चिमुकल्या कपाळाला आठी पडली, तोंड वाकडं झालं, आणि पोरगी रडली. बारीक, चिरकं, रागावलेलं रडणं.

"रड," तूदा म्हणाली. "अजून रड. चांगली रागाव."

मायलेकींना घेऊन ट्रक अर्धा उतार उतरला तेव्हा समोरून रुग्णवाहिका आली, पुढं मूलूद, हातात चिठ्ठी निशाणासारखी धरून. दवाखान्यात दोघींच्या नाकाशी नळ्या लागल्या, मग शहरातल्या मोठ्या इस्पितळात. इझ्झाला शुद्ध आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा की आई एकच का दिसतेय.

सोमवारी तूदाला गैरहजेरीचा कागद मिळाला. गुरुवारी मूलूद पुन्हा हातोडी घेऊन आला. नवी पाटी पहिलीच्या खाली: 'वाचनालय गुरुवारी बंद राहील.' या वेळी त्यानं खिळे मुद्दाम अर्धेच ठोकले.

"वाऱ्यानं पडेल," तो हळूच म्हणाला.

"पडू दे," तूदा म्हणाली, आणि पोस्टरची गुंडाळी काखेत मारून ती जिना उतरली. पालिकेच्या मागच्या बोळात हम्माम, म्हणजे गावाचं न्हाणीघर, होता. गुरुवारी तो बायकांचा. तिथं अध्यक्ष काय, प्रांताचा मोठा साहेबही पाऊल टाकू शकत नव्हता. पाणी तापवायची भट्टी मागच्या बाजूला, उघड्यावर. कपडे बदलायची खोली ऐसपैस आणि उबदार, भिंतीकडेनं बाकं. पहिल्या गुरुवारी चारचौघी बसल्या. मग जागा पुरेना. पोस्टर वाफेनं मऊ पडलं, सोफ्यावरच्या माणसाचं तोंड फुगलं. तूदानं त्याच्याशेजारी कोळशानंच एक शेगडी काढली.

आणि सांगायला आता ती एकटी नव्हती. यामना दर गुरुवारी येई, भाजलेल्या हातांना चिंधी बांधून, आणि पोलिसासारखी विचारी, "सिमेंटची खोली आहे तुझ्याकडं? आहे ना? मग शेगडी बाहेर! पेटवून आत आणायची नाही, निजताना तर मुळीच नाही. थंडी वाजते? दोन घोंगडी घे. तरी वाजते? वाजू दे. थंडी वाजते म्हणजे जिवंत आहेस." चाळीस दिवसांनी इझ्झा पोरीला घेऊन न्हायला आली, तेव्हा यामनानं पोर सगळ्यांच्या पुढ्यात धरलं आणि म्हणाली, "बघा. नीट बघा. दृष्ट लागायची ती लागू दे हिला."

त्याच दिवशी अध्यक्षांची बायको आली होती. धुतलेले केस टॉवेलात गुंडाळून ती कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. ती जवळ आली आणि तिनं पोस्टरवर बोट ठेवलं, सोफ्यावरच्या माणसाच्या डोक्यावरच्या हीटरवर.

"हे आमच्या न्हाणीघरात आहे. पाणी तापवायचं. याच्यात... याच्यातूनही येतो का तो वायू?"

तूदाच्या कानशिलात ठणका उठला. चष्मा घरी राहिला म्हणणाऱ्या त्या माणसाच्या घरात, त्याच घरात हे होतं.

"खिडकी आहे न्हाणीघराला?" तिनं विचारलं.

"आहे. लेकीला सर्दी होते म्हणून बंद करून टाकली. अंघोळ करून आली की रोज डोकं दुखतं तिचं. आम्हाला वाटलं, अभ्यास."

"आजच उघडा. घरी गेल्या गेल्या. आणि कारागिराला दाखवल्याशिवाय तो पेटवू नका."

"मी उद्या वर येऊन नीट वाचून घेऊ का? तिथं पुस्तकही असेल ना?"

"या की," तूदा म्हणाली. मग एकदम थांबली. "वाचता येतं ना तुम्हाला?"

अध्यक्षांच्या बायकोनं आधी जमिनीकडं बघितलं, मग तूदाकडं. आणि मान हलवली. नाही.

कुणी हसलं नाही. यामनानं चिंधी बांधलेल्या हातानं बाकावर थापटलं.

"मग वर कशाला जातेस, हाकलून घ्यायला? बस इथं." ती बाकीच्यांवर खेकसली, "सरका गं! जागा द्या तिला. तूदा, पहिल्यापासून सांग. आणि या वेळी मध्ये कुणाला येऊ देऊ नकोस."